आधी वाचा, मग बघा: बनगरवाडी, जैत रे जैत आणि आमचा मोखाडा

(ज्यांच्याकडे हेडफोन नाहीत किंवा डेटा संपलाय, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचा पूर्ण मजकूर. बोलताना शंभर वेळा आलेलं 'म्हणजे' तेवढं कमी केलंय.)

मी आज मोखाड्यातून बोलतेय. घरी आलेय, वर्क फ्रॉम होम चालू आहे, आणि खिडकीच्या एका ठराविक कोपऱ्यातच नेटवर्क येतं, त्यामुळे टेबल, खुर्ची, लॅपटॉप आणि मी असे सगळे त्या कोपऱ्यात कोंबलेले आहोत. मागे कोंबडा ओरडला तर समजून घ्या. एडिटिंगमध्ये त्याला काढायचा प्रयत्न केला, पण तो ऐकत नाही.

तर विषय. तुमच्यापैकी एकाने व्हॉइस नोट पाठवली होती. "ताई, तुम्ही प्रत्येक वेळी सांगता, सिनेमा कादंबरीवर असेल तर आधी कादंबरी वाचा. का पण? शेवट कळला की सिनेमाची मजाच जाते ना!" प्रश्न बरोबर आहे. बारावीनंतर 'वाचन चांगलं असतं' हे उत्तर कुणाला पटत नाही, मलाही पटलं नसतं. म्हणून आज नीट बोलू.

आधीच एक सांगते. 'पुस्तक सिनेमापेक्षा नेहमीच भारी असतं' असं माझं म्हणणं नाही. थिएटरात शेजारी बसून "हे पुस्तकात असं नव्हतं" असं दर पाच मिनिटांनी सांगणारा माणूस असतो ना, त्याच्या बाजूला बसायला मलाही आवडत नाही. माझा मुद्दा क्रमाचा आहे. दोन्ही करायचंच असेल, तर आधी काय?

शेवट कळण्याचं आधी घेऊ. आमच्याकडे, म्हणजे जव्हार-मोखाडा भागात, बोहाडा होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: देवादिकांचे, राक्षसांचे मोठमोठे मुखवटे चढवून रात्रभर सोंगं नाचतात. संबळ वाजत असतो. सुरुवातीला गणपती येतो, मग एकेक करून बाकीची सोंगं, आणि शेवटी देवी आणि महिषासुराचं युद्ध. उजाडेपर्यंत चालतं. आता मला सांगा, तिथे बसलेल्या एका तरी माणसाला महिषासुराचं पुढे काय होणार हे माहीत नसतं का? आज्यांच्या मांडीवर झोपलेल्या पोरांनाही माहीत असतं. तरी देवीचं सोंग यायची वेळ झाली की झोपलेल्यांना हलवून उठवतात. कारण बघायचं असतं ते वेगळंच. यंदा मुखवटा कुणी चढवलाय, त्याची पावलं कशी पडतायत, एवढं वजन डोक्यावर घेऊन तो गिरकी कशी घेतोय, संबळवाल्याने कुठे जोर धरला. गोष्ट माहीत असते म्हणूनच हे सगळं दिसतं. गोष्टच नवीन असती तर अर्धं डोकं 'पुढे काय' यातच गेलं असतं.

स्पॉयलर हा शब्द आपल्याकडे मोबाइलबरोबर आला. त्याआधी कित्येक पिढ्या लोक शेवट माहीत असलेल्या गोष्टी बघायला रात्र जागवत होते. रहस्यकथेचं वेगळं, तिथे खुनी कोण हे मीही सांगणार नाही. पण चांगली कादंबरी म्हणजे काही नुसता 'खुनी कोण' नसतो.

आता थोडं माझ्या धंद्यातलं. फोटो जेपेगमध्ये सेव्ह केला की फाइल लहान होते हे तुम्हाला माहीत आहे. ती लहान कशी होते? डोळ्याला फारसं जाणवणार नाही असा तपशील फेकून दिला जातो. आणि फेकलेला तपशील परत येत नाही. कितीही झूम करा, चौकोनच दिसतात. तीनशे पानांची कादंबरी दोन तासांत बसवायची म्हणजे असंच काहीतरी करावं लागतं. यात दिग्दर्शकाचा दोष नाही. काय ठेवायचं आणि काय सोडायचं हेच तर त्याचं काम. पण काय सोडलं हे कळायला मूळ फाइल आधी बघितलेली हवी.

मिलिंद बोकीलांची 'शाळा' घ्या. २००४ ची कादंबरी, सुजय डहाकेचा सिनेमा २०१२ मध्ये आला. मराठीतला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून आणि रूपांतरित पटकथेसाठीही त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, म्हणजे रूपांतर चांगलंच झालंय. पण कादंबरी सगळी त्या नववीतल्या मुकुंद जोशीच्या डोक्यात घडते. शिरोडकर वर्गात आली, बसली, तिने वळून बघितलं की नाही, यावर त्याचं पानंच्या पानं चालतं. पडद्यावर ते दोन सेकंदांत होतं. ती वळते, तो बघतो, कट. कादंबरी वाचलेल्याला त्या दोन सेकंदांत ती सगळी पानं ऐकू येतात. न वाचलेल्याला एक गोड मुलगा दिसतो. दोघांचं तिकीट तेवढंच.

(डहाकेनेच २०२३ मध्ये 'श्यामची आई' केला, ब्लॅक अँड व्हाइट. त्याच्या सत्तर वर्षं आधी, १९५३ मध्ये, अत्र्यांनी केला होता. त्याला १९५४ मध्ये पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. एक पुस्तक, दोन सिनेमे. साने गुरुजींनी ते १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. दोन्ही सिनेमे बघून आई कशी होती यावर वाद घालायचा असेल, तर तिसरा साक्षीदार म्हणजे पुस्तक लागतंच. हा वेगळ्या भागाचा विषय आहे, आत्ता सोडते.)

आता ज्या पुस्तकासाठी हा भाग केलाय, त्याकडे येऊ. 'बनगरवाडी'. व्यंकटेश माडगूळकर, १९५५. सिनेमा अमोल पालेकरांचा, १९९५ चा. चाळीस वर्षांचं अंतर आहे. गोष्ट अशी: औंध संस्थानातला एक कोवळा पोरगा, राजाराम सौंदणीकर, मास्तर म्हणून माणदेशातल्या धनगरांच्या एका वाडीवर येतो. एकशिक्षकी शाळा. शाळेत पोरं नाहीत, कारण पोरं मेंढरांमागे. म्हातारा कारभारी त्याला हाताशी धरतो. हळूहळू तो मास्तर नुसता मास्तर राहत नाही, गावाच्या सगळ्या भानगडी त्याच्याकडे यायला लागतात. आनंदा रामोशी नावाचा एक चोर आहे, तो तर मराठी साहित्यातला माझा सगळ्यात लाडका चोर. मग गाव मिळून तालीम बांधतं. आणि मग दुष्काळ पडतो.

छोटंसं पुस्तक आहे हे, जाडजूड नाही. मोखाड्याहून नाशिकला एसटीने जाताना तोरंगण घाटात माझी रेंज जाते, त्र्यंबकच्या आसपास परत येते. व्हिडिओ तिथे फिरत बसतो. पुस्तक फिरत नाही. जाऊन-येऊन दोन-तीन फेऱ्यांत 'बनगरवाडी' संपते.

माझे बाबा जिल्हा परिषदेचे शिक्षक. एकेकाळी त्यांची शाळाही पाड्यावरची होती. पुस्तक त्यांच्याच कपाटातलं. मी ते वाचलं तेव्हा माणदेश बघितलेला नव्हता. मेंढरांचा तांडा बघितलेला नव्हता. मग डोक्यात काय आलं असेल? आमचाच पाडा आला. कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेल्या. उतारावरची नाचणी, वरई. समोर सूर्यमाळचा डोंगर. माझ्या डोक्यातला बनगरवाडीचा कारभारी आमच्या शेजारच्या आजोबांसारखा दिसायचा आणि बोलायचाही तसाच. माडगूळकरांनी लिहिलेला उघडा माळ मी वाचत होते, शब्द कळत होते, तरी डोळ्यांपुढे पावसाळ्यातला मोखाडा होता.

आणि शेवटचा भाग. दुष्काळात वाडी रिकामी होते. माणसं मेंढरं घेऊन जगायला बाहेर पडतात. मंडळी, मोखाड्यात पाऊस धो धो पडतो. तरी उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर पाण्यासाठी टँकरची वाट बघावी लागते, आणि याच तालुक्यातल्या मध्य वैतरणा धरणाचं पाणी मुंबईला जातं. भात, नाचणी निघाली, दिवाळी झाली, की घरंच्या घरं वीटभट्टीवर जातात. भिवंडी, वसई, जिथे काम मिळेल तिथे. दाराला कडी, कडीला काटकी. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली की बाबा हजेरी घ्यायचे आणि नाव पुकारल्यावर मधेच शांतता यायची. मग कुणीतरी पोर सांगायचं, "गुरुजी, तो भट्टीवर गेला." ही शांतता माझ्या ओळखीची होती. त्यामुळे पुस्तकात वाडी रिकामी झाली तेव्हा मला वाटलं, हे कुणीतरी आमच्याबद्दल लिहिलंय. माणदेशात दुष्काळाने गाव उठतं, आमच्याकडे दर वर्षी उठतं. एवढाच फरक.

नंतर सिनेमा बघितला. पडद्यावर खरा माळ. सपाट, कोरडा, नजर जाईल तिथपर्यंत झाड नाही. मेंढरं, घोंगड्या, पागोटी. चंद्रकांत कुलकर्णी मास्तर. सुरुवातीची दहा मिनिटं माझं आणि सिनेमाचं भांडणच चाललं होतं म्हणा. मग ते थांबलं. कारण माळ बघितल्यावर कळलं की तिथे पाऊस न पडणं म्हणजे काय असतं. आमच्याकडे डोंगराआड काहीतरी असतं, दरीत झरा असतो, आटला तरी असतो. त्या माळावर आडोसाच नाही. माणूस निघाला की क्षितिजापर्यंत दिसत राहतो, लहान लहान होत जातो. हे मला पुस्तकातून कळलेलं नव्हतं, ते पालेकरांनी दाखवलं. सिनेमाचे उपकार आहेत, मान्य.

पण आज माझ्याकडे दोन बनगरवाड्या आहेत. एक माणदेशातली, एक मोखाड्यातली. क्रम उलटा असता तर एकच असती. पडद्यावरचा माळ आधी डोळ्यांत बसला असता, तर पुस्तक वाचताना शेजारचे आजोबा कारभारी व्हायला कधी आलेच नसते. बाबांची ती हजेरीतली शांतता पुस्तकाला जोडलीच गेली नसती. माझं म्हणणं एवढंच आहे. कॅमेरा एकदा चेहरा देऊन गेला की आपल्याला स्वतःचा चेहरा लावता येत नाही. प्रयत्न करून बघा. नाही येत.

बाबांनी तर सिनेमा बघितलाच नाही. मी लॅपटॉप घेऊन बसले, "बाबा, चला ना." तर म्हणाले, "तू बघ. माझ्या डोक्यातला मास्तर बारीक आहे, त्याला राहू दे." हे मला पटत नाही, मी बघतेच. पण बाबांना काय राखायचं होतं ते कळतं.

आता हे फक्त कादंबऱ्यांपुरतं असतं तर मी एवढं ताणलं नसतं. मी बी.टेक. ला बाहेर गेले, मग नोकरीला. 'मोखाडा' म्हटलं की समोरच्याच्या डोक्यात आधीच एक चित्र असतं. नव्वदच्या दशकापासूनचं, वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनंतरचं, बातम्यांतलं. पोट पुढे आलेलं मूल, बाजूला बसलेली आई. ते खोटं नव्हतं. १९९२ मध्ये तिथे मुलं गेली, ते लपवायचं काहीच कारण नाही. पण तेवढं एकच चित्र बघितलेला माणूस माझ्याशी बोलताना माझ्याकडे बघत नसतो, त्या चित्राकडे बघत असतो. आमच्या तालुक्याचा 'सिनेमा' लोकांनी आधी बघितलाय. पुस्तक कुणी वाचलंच नाही. त्यामुळे आधी चित्र बसलं की काय होतं हे मला कादंबरी वाचण्याच्या आधीपासून ठाऊक आहे.

दुसरं चित्र जरा गोड आहे, ते 'जैत रे जैत'चं. "अगं, तुमच्याकडे ठाकर असतात ना? ती गाणी!" असं मला किमान पाच जणांनी सांगितलंय. १९७७ चा सिनेमा, जब्बार पटेलांचा. ना. धों. महानोरांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत, स्मिता पाटील चिंधी, मोहन आगाशे नाग्या, निळू फुले भगत. गाण्यांतूनच गोष्ट पुढे सरकते. सिनेमा जबरदस्त आहे, मी तो चार वेळा बघितलाय. आणि ती गोष्ट आमच्याकडची नाही, कर्नाळ्याच्या बाजूची आहे. पण ठाकर म्हटलं की गाणी, मध आणि स्मिता पाटील, असं समीकरण बसून गेलंय ते गेलंय. आमच्या वर्गात ठाकर पोरं होती. त्यातली एक गणितात माझ्यापुढे असायची आणि गायची अजिबात नाही.

गो. नी. दांडेकरांची मूळ कादंबरी वाचा. माणूस पायी फिरणारा, डोंगरात राहणारा. संवाद ठाकरांच्या बोलीच्या वळणाचे, पहिली काही पानं अडखळायला होतं. पण अडखळा. राणीमाशी नाग्याचा एक डोळा घेते आणि तो सूड घ्यायला लिंगोबाच्या डोंगराकडे बघत बसतो. सिनेमात त्याचं संगीत होतं. कादंबरीत तो हट्ट गाण्याशिवाय, उघडा वाचावा लागतो, आणि मग तो हट्ट देवाशी आहे, माशीशी आहे की स्वतःशी, हे आपल्यालाच ठरवावं लागतं. गाणं आधी ऐकलं असेल तर ते ठरवायचं काम गाणंच करून टाकतं. इतकं सुंदर करतं की आपण हरकतही घेत नाही.

अडचण अशी की 'जैत रे जैत'ची गाणी तुम्ही सगळ्यांनी आधीच ऐकली आहेत. लग्नात, रीलवर, कुठे ना कुठे. तिथे क्रम हातातून गेलाच आहे. तरी वाचा. चिंधीला स्मिता पाटीलचाच चेहरा येईल, त्याला इलाज नाही. पण ठाकरवाडीतली बाकीची माणसं अजून मोकळी आहेत.

मग हे सगळ्या सिनेमांना लागू आहे का? नाही. 'सिंहासन' बिनधास्त आधी बघा. १९७९, परत जब्बार पटेलच. अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांमधून विजय तेंडुलकरांनी पटकथा केली. इतके मंत्री, इतके पत्रकार, इतके फोन की कोण कुणाचा माणूस हे डोक्यात बसायला चेहरे मिळाले तर मदतच होते. सिनेमा बघा, मग कादंबऱ्या घ्या. तिथे मला काही गमावल्यासारखं वाटत नाही. राजकारण्यांचे चेहरे तसेही आपण स्वतःहून कल्पत नाही.

तर माझा ढोबळ हिशोब असा: गोष्ट एका माणसाच्या मनात घडत असेल, किंवा अशा जागेबद्दल असेल जी तुमच्या जागेसारखी असू शकते, तर आधी वाचा. पात्रांची गर्दी असेल आणि मजा कटकारस्थानात असेल, तर आधी बघितलं तरी चालेल.

"ताई, वेळ कुठे आहे?" हा पुढचा व्हॉइस नोट मला आत्ताच ऐकू येतोय. वाचायला वेळ नसेल तर ऐका. तुम्ही हे ऐकताच आहात की. गोनीदांच्याच घरात कादंबऱ्यांचं अभिवाचन व्हायचं. त्यांची मुलगी वीणा देव, जावई विजय देव आणि पुढे नात मृणाल कुलकर्णी, यांनी वर्षानुवर्षं लोकांसमोर बसून त्यांच्या कादंबऱ्या वाचल्या. नेपथ्य नाही, वेशभूषा नाही. आवाज फक्त. ऐकणाऱ्याला डोंगर स्वतःच उभा करावा लागतो. आता तर मराठी ऑडिओबुकं फोनवर मिळतात, डाउनलोड करून ठेवा आणि घाटात रेंज गेली तरी चालू. ऐकणं हे वाचण्याच्या बाजूचं आहे, बघण्याच्या नाही. माझ्या मते तरी.

पुस्तक मिळत नाही ही तक्रार मात्र खरी आहे, आणि तालुक्याच्या गावात जास्तच खरी. माझ्याकडचा उपाय फार हुशारीचा नाही. शाळेतल्या जुन्या शिक्षकांना विचारा. प्रत्येक जिल्हा परिषद शिक्षकाच्या घरी एक कपाट असतं आणि त्यात 'बनगरवाडी' असण्याची शक्यता बरीच असते. बाबांच्या प्रतीचं कव्हर गेलंय, मधली पानं सुटी आहेत, ती आत्ता आमच्याच गल्लीतल्या एका अकरावीतल्या पोराकडे आहे. त्याने सिनेमा बघितलेला नाही. मी त्याला सांगितलंय, पुस्तक परत केल्याशिवाय लिंक मिळणार नाही.

तर पुढच्या महिन्याचं ठरलं. 'बनगरवाडी'. तीन आठवडे वाचायला किंवा ऐकायला, चौथ्या आठवड्यात सिनेमा. सिनेमा बघायच्या आधी मला एक व्हॉइस नोट पाठवायचा, एका मिनिटाचा. पुस्तक आवडलं की नाही ते नको. तुमच्या डोक्यातली वाडी कुठे होती आणि कारभारी कुणासारखा दिसत होता, एवढंच सांगा. गडचिरोलीवाल्यांनो, कारवारवाल्यांनो, बेळगाववाल्यांनो, तुमच्याकडूनही हवेत. सगळे नोट एकामागे एक लावून पुढचा भाग करू.

चला, कोंबडा परत सुरू झालाय. भेटू.